एसडीक्यू प्रश्नावली: जुळ्यांच्या आईचा अभिप्राय

मुलांच्या भावना आणि वागणूक टिपणारी ही प्रश्नावली मी आमच्या सात वर्षांच्या जुळ्यांसाठी, मुलगी आणि मुलगा दोघांसाठी, भरली. वाक्यं फक्त २५, उत्तरं तीनच: खरं नाही, थोडंफार खरं, अगदी खरं. सासूबाईंना मराठीत सांगत गेले, तर त्यांनीही भराभर उत्तरं दिली.

ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनी ही प्रश्नावली १९९७ मध्ये मांडली. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९४ ते १९९६ या काळात जन्मलेल्या हजारो जुळ्यांच्या 'टेड्स' अभ्यासातही ती वापरली गेली. एकसारखी जुळी आणि आमच्यासारखी वेगळी जुळी, यांच्यातल्या जोड्या वागण्यात किती जुळतात याची तुलना करून आनुवंशिकतेचा वाटा काढतात.

मला सगळ्यात मोलाची वाटली ती चांगुलपणाची पाच वाक्यं. कुणाला लागलं तर मदत करतो का, आपल्या वस्तू दुसऱ्यांना देतो का, हे कुणीतरी विचारलं! शाळेतून माझ्या लेकाबद्दल फक्त चुळबुळच ऐकू येते.

एक सावधगिरी मात्र हवीच. जुळ्यांचे आईबाप दोघांना एकमेकांशी ताडून पाहतात. मुलगी शांत, म्हणून मुलगा आहे त्याहून वांड वाटतो. चंचलतेच्या बाबतीत हा परिणाम संशोधकांनाही आढळला आहे. म्हणून दोघांचे अर्ज वेगवेगळ्या दिवशी भरा आणि शिक्षकांसाठीची प्रत वर्गशिक्षकांकडून जरूर भरून घ्या. निदान मात्र यावरून करू नका, ते तज्ज्ञांचं काम. घरगुती वापरासाठी कागदी प्रत फुकट मिळते.