रोड बाइकचा क्रँकसेट: 50-34, 52-36 की जुना अल्टेग्रा?

इंदूरहून महेश्वरला जाताना जाम गेटपासून खाली निमाडात भराभर उतरता येतं. आपण पठारावर राहतो, त्यामुळे घाट चढायचा तो परतताना, शंभरेक किलोमीटर पाय मारून झाल्यावर आणि उन्हात. क्रँकसेट, म्हणजे पेडलचे दोन आर्म आणि पुढच्या दातेरी चकत्या (चेनरिंग), निवडताना मला हीच वेळ महत्त्वाची वाटते. इंदूरच्या सुपर कॉरिडॉरसारख्या सपाट रस्त्यावर कुठलाही क्रँकसेट चांगलाच वाटतो.

मधल्या किमतीत बहुतेकांची गाडी शिमानो 105 या ग्रुपसेटपाशी (गियर-ब्रेकच्या संचापाशी) येऊन थांबते. त्याच्या 11 स्पीडच्या (मागे 11 चकत्यांच्या) आर7000 मध्ये मुख्य प्रश्न 50-34 की 52-36, म्हणजे पुढच्या मोठ्या आणि लहान चेनरिंगचे दात किती. लोक यावर तासन् तास बोलतात, पण पुढच्या लहान चेनरिंगमधल्या दोन दातांनी चढणीचा गियर सहा टक्केही बदलत नाही. मागच्या चाकावरची कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांचा संच, त्याहून जास्त फरक पाडते. हिशेब करून बघा: 34 दातांच्या रिंगला मागे 28 लावले तर गुणोत्तर 1.21 येतं (जितकं कमी, तितकी चढण सोपी), आणि 36 ला 32 लावले तर 1.13. म्हणजे ‘अवघड’ म्हटला जाणारा 52-36 योग्य कॅसेटसोबत ‘सोप्या’ 50-34 पेक्षा हलका पडतो. फक्त मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) आधी पाहा. आर7000 चा आखूड पिंजऱ्याचा डिरेलर 30 दातांपर्यंतच चालतो, लांब पिंजऱ्याचा 34 पर्यंत.

तरीही माझं मत 50-34 कडेच. 50 आणि 11 दातांवर मिनिटाला 90 फेरे मारले तर ताशी 51 किलोमीटरच्या आसपास वेग येतो. सपाटीवर इतका वेग टिकवणारे पाय आपल्यात फार नाहीत. उलट 34 ला मागे 32 असेल तर मंडलेश्वरकडून घाट चढताना बसूनच पाय फिरवत राहता येतं, गुडघे वाचतात. गटात शर्यतीसारखं पळवत असाल तर 52-36 खुशाल घ्या.

स्रॅम कंपनीच्या रायव्हल एएक्सएस ग्रुपसेटचा 48-35 कागदावर लहान दिसतो. मागे 10-36 कॅसेट असली की त्याचा सर्वांत जड गियर 4.8 होतो, म्हणजे 52 आणि 11 पेक्षाही जड, आणि सर्वांत हलका 0.97. गियरचा हा पल्ला मला मनापासून आवडतो. पण चेन वेगळी, फ्रीहब (कॅसेट बसते तो भाग) वेगळा, गियर बदलणं इलेक्ट्रॉनिक. अख्खा ग्रुपसेट बदलायचा असेल तरच इकडे वळा. नुसता क्रँक घेऊन उपयोग नाही.

आता जुन्या बाजारातला अल्टेग्रा, शिमानोचा 105 च्या वरचा ग्रुपसेट. त्याचा आर8000 क्रँकसेट 105 च्या आर7000 पेक्षा जेमतेम 40 ग्रॅम हलका. दिसायला देखणा, हे मान्य. मात्र शिमानोने 2023 मध्ये अल्टेग्रा आणि ड्युरा-एसचे, जुलै 2019 आधी बनलेले, 11 स्पीडचे चिकटवून जोडलेले क्रँक तपासणीसाठी परत मागवले. त्यात जोड सुटून आर्म तुटण्याचा धोका होता. 105 त्या यादीत नव्हता. विकणारा तपासणीचा पुरावा दाखवत नसेल तर 40 ग्रॅमसाठी ही जोखीम घेऊ नका.

दातांइतकीच आर्मची लांबी महत्त्वाची, आणि दुकानात तिची चौकशी कोणी करत नाही. उंची साडेपाच फुटांच्या आत असेल तर आधी 165 मिमी मागा; बरेचदा हातात पडतो तो 170 किंवा 172.5. आखूड आर्ममुळे वरच्या टोकाला गुडघा कमी दुमडतो. तरफ थोडी कमी होते, पण मोठ्या कॅसेटने ती भरून निघते. 172.5 वरून 165 वर आलात तर सीट साडेसात मिमी वर घ्या.

पैसे देण्याआधी फ्रेमचा बॉटम ब्रॅकेट (क्रँकची दांडी ज्या बेअरिंगमध्ये फिरते तो भाग) पाहून घ्या. शिमानोची दांडी 24 मिमीची, स्रॅमच्या डब (DUB) प्रकारची 28.99 मिमीची, एकाचे बेअरिंग दुसऱ्याला चालत नाहीत. बीएसए प्रकारच्या, म्हणजे आट्यांच्या फ्रेममध्ये बेअरिंगचा उजवा कप उलट्या आट्याचा असतो, हे मेकॅनिकला माहीत आहे ना, तेही विचारा. 105 च्या डाव्या आर्मचे दोन्ही बोल्ट आलटून पालटून, 12 ते 14 न्यूटन-मीटरपर्यंत, टॉर्क पान्यानेच आवळून घ्या.