एकच तालीम हाती असेल तर : शूमान की ग्रीग?

विद्यापीठाच्या कॉन्चेर्टो (एकलवादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) स्पर्धेत निवड झाली आहे, वार्षिक मैफलीत शहरातल्या व्यावसायिक वाद्यवृंदाबरोबर वाजवायचे आहे आणि कोणती रचना वाजवणार ते लवकर कळवा, असे संगीत विभागाचे पत्र हातात पडले आहे, अशा पियानोवादकासाठी हे लिहितो आहे. हात संगीतकार रॉबर्ट शूमानच्या पियानो-कॉन्चेर्टोलाही तयार आहेत आणि एडवर्ड ग्रीगच्याही, शिक्षकांचा दोन्हींना होकार आहे आणि प्रश्न केवळ निवडीचा उरला आहे, असे मी गृहीत धरले आहे. ए मायनर या स्वरश्रेणीतले हे दोन कॉन्चेर्टो ध्वनिमुद्रणांत वर्षानुवर्षे एकाच तबकडीच्या दोन बाजूंना नांदत आले आहेत आणि विद्यार्थ्यांच्या यादीतही ते बहुधा जोडीनेच येतात. मी दोन्ही वाजवले. शूमान पदवीच्या शेवटच्या वर्षी आणि ग्रीग त्यानंतर दोन वर्षांनी, पदव्युत्तर शिक्षण घेत असताना. दोन्ही वेळा वाद्यवृंद व्यावसायिक होता आणि दोन्ही वेळा माझ्या वाट्याला एकच तालीम आली.

आधी त्या तालमीविषयी, कारण माझा सगळा निर्णय तिच्यावरच उभा आहे. व्यावसायिक वादकांचा वेळ घड्याळावर मोजलेला असतो. मैफलीच्या उत्तरार्धातली सिम्फनी त्यातला मोठा वाटा घेते आणि विद्यार्थ्याच्या कॉन्चेर्टोला जे उरते ते, निदान माझ्या दोन्ही अनुभवांत, पाऊण तासाच्या आसपास होते. दोन्ही रचना अर्ध्या तासाच्या आगेमागे चालतात. म्हणजे एकदा आरंभापासून शेवटापर्यंत वाजवले की दुरुस्तीसाठी पंधरा मिनिटे हातात राहतात. समोर बसलेल्या मंडळींना रचना शिकायची नसते, त्यांनी ती अनेकदा वाजवलेली असते. त्या सभागृहात अनोळखी असतो तो एकटा एकलवादक, आणि त्याची ओळख पटवून घेण्यासाठीच ती पंधरा मिनिटे खर्च व्हायची असतात.

आपल्याकडे पुण्या-मुंबईत पियानो शिकलेल्यांची यात एक विशेष अडचण असते, असे मला वाटते. आपण परदेशी मंडळांच्या श्रेणी-परीक्षा देत मोठे होतो आणि त्या परीक्षांत व्हायोलिनच्या विद्यार्थ्याला निदान साथीला पियानो मिळतो, पियानोच्या विद्यार्थ्याला मात्र आठही श्रेणी बहुधा एकट्यानेच पार कराव्या लागतात. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला, पण मी तो श्रोत्यांच्या खुर्चीतूनच ऐकला. वाद्यवृंदाच्या आत बसल्यावर काय ऐकू येते, याची मला परदेशी जाईपर्यंत कल्पना नव्हती. तयारीच्या काळात शिक्षक दुसऱ्या पियानोवर वाद्यवृंदाचा भाग वाजवतात, पण तो पियानो हाताच्या अंतरावर असतो, क्षणात उत्तर देतो आणि आपण चुकलो तर आपल्याबरोबर गुपचूप वळतो. वाद्यवृंदात क्लॅरिनेट आणि बासून ही फुंकवाद्ये पियानोच्या उघड्या झाकणापलीकडे, कित्येक मीटर मागे असतात. त्यांचा स्वर ऐकून मग वाजवायचे म्हटले तर उशीर झालेलाच असतो. कानांपेक्षा संचालकाच्या हातावर विश्वास ठेवावा लागतो, आणि हा विश्वास एका तालमीत कमवावा लागतो.

आता रचनांकडे वळतो. दोन्हींचे नाते काही लपून राहिलेले नाही. लाइपझिगच्या संगीतशाळेत शिकत असताना, १८५८ साली, ग्रीगने शूमानची पियानोवादक पत्नी क्लारा हिला शूमानचा हाच कॉन्चेर्टो वाजवताना ऐकले होते आणि दहा वर्षांनी, वयाच्या चोविसाव्या वर्षी लिहिलेल्या त्याच्या कॉन्चेर्टोत तो प्रभाव उघड दिसतो. दोन्हींत वाद्यवृंदाची लांबलचक प्रस्तावना नाही. शूमानमध्ये वाद्यवृंदाच्या एका ठोक्यासरशी आणि ग्रीगमध्ये टिंपनी या मोठ्या नगाऱ्यांच्या वाढत जाणाऱ्या घुमाऱ्यासरशी पियानोला वरून खाली कोसळत यावे लागते. त्यामुळे सुरुवातीच्या भीतीच्या बाबतीत कोणतीही रचना दुसरीपेक्षा सोपी नाही.

संगीत म्हणून विचाराल तर शूमानचा पहिला भाग मला अधिक जवळचा आहे, हे आधीच मान्य करतो. १८४१ साली त्याने तो स्वतंत्र फँटसी, म्हणजे मुक्त बांधणीची रचना, म्हणून लिहिला होता. उरलेले दोन भाग १८४५ मध्ये जोडले गेले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ड्रेस्डेनला क्लाराने संपूर्ण रचना प्रथम वाजवली. त्या पहिल्या भागाच्या मध्यावर संगीत ए फ्लॅट मेजरमध्ये शिरते आणि पियानो व क्लॅरिनेट यांच्यात एक संथ संवाद चालतो. तालमीच्या मध्यंतरात वाद्यवृंदाचे क्लॅरिनेटवादक स्वतःहून माझ्याकडे आले, पेन्सिल पुढे करून म्हणाले की इथे श्वास या स्वराआधी घेऊ की नंतर, ते तुम्ही सांगा. माझ्या वडिलांच्या वयाच्या त्या वादकाने माझ्या सांगण्याप्रमाणे कागदावर स्वल्पविरामासारखी एक खूण केली आणि संध्याकाळी नेमका तिथेच श्वास घेतला. शूमानने मला दिलेली ती सर्वांत मोठी गोष्ट आहे आणि ग्रीगमध्ये तिच्या तोडीचे काही मला मिळाले नाही. शिवाय शूमानचा वाद्यवृंद आटोपशीर आहे. त्यात पितळी वाद्यांपैकी दोन हॉर्न आणि दोन ट्रंपेट आहेत, ट्रोम्बोन मुळीच नाहीत, त्यामुळे पियानो झाकला जाण्याची चिंता फारशी उरत नाही.

तरीही माझा कौल शूमानच्या बाजूने पडत नाही आणि त्याला कारण आहे शेवटच्या भागातला एक उतारा. पाश्चात्त्य संज्ञांपेक्षा आपल्या दादरा तालावरून तो समजावणे सोपे जाईल. दादऱ्याच्या सहा मात्रा तीन-तीन अशा विभागलेल्या असतात. त्याच सहा मात्रांवर कोणी दोन-दोन-दोन असे वजन देऊ लागला, तर ठेका जागेवर असूनही ऐकणाऱ्याला दुसराच, अधिक संथ ताल सुरू झाल्यासारखे वाटते. शूमानच्या शेवटच्या भागाची लय तीन मात्रांची आणि जलद आहे, संचालक एका मापाला एकदाच हात खाली आणतो. दुसरी मुख्य धून तारवाद्ये सुरू करतात तेव्हा दोन मापांच्या सहा मात्रांत तीन स्वर येतात आणि प्रत्येक स्वरानंतर एक मात्रा रिकामी असते. दादऱ्याची ‘खाली’ (टाळीशिवायची मात्रा) जशी चौथ्या मात्रेवर येते, तशी इथे दुसऱ्या मापाची पहिली मात्रा, म्हणजे सहातली चौथीच, शूमानने निःशब्द ठेवली आहे. संचालकाचा हात खाली येतो आणि त्या क्षणी काहीही वाजत नाही.

दुसऱ्या पियानोबरोबर तयारी करताना हा उतारा मला कधीही अवघड वाटला नव्हता, कारण शिक्षक माझ्याबरोबर वळत होते. तालमीत पूर्ण वेगाने तारवाद्ये ती धून वाजवू लागली, ती इतकी हलकी आणि इतकी नेमकी होती की माझ्या अंगाने नकळत दोन-दोनची चाल धरली, संचालकाचा हातच चुकीच्या जागी पडतो आहे असे मला वाटू लागले आणि मी एक मात्रा आधी आत शिरलो. वाद्यवृंद थांबला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच झाले. तिसऱ्या वेळी संचालकांनी मला वाजवू न देता नुसते हाताकडे पाहत मापे मोजायला लावली आणि चौथ्या वेळी ते जमले. कोणी रागावले नाही, कोणी कुजबुजले नाही, पण माझी पंधरा मिनिटे तिथेच संपली. दुसऱ्या भागातून तिसऱ्या भागात न थांबता जाणारा जोड अधिक तपासायचा होता, तो राहून गेला. आणि ही धून पुढे ए मेजरमध्ये पुन्हा येते, म्हणजे ती परीक्षा दोनदा द्यावी लागते. मैफलीत दोन्ही वेळा मी बरोबर आलो. मात्र ध्वनिमुद्रण ऐकताना कळते की त्या पानांवर मी वाजवत नव्हतो, मोजत होतो. पहिल्या भागात क्लॅरिनेटबरोबर बोलणारा वादक आणि हा मोजणारा वादक एकच आहेत, हे ऐकणाऱ्याला पटू नये इतका तो फरक आहे, आणि त्याची खंत मला आजही वाटते.

लहानपणापासून वाद्यवृंदात बसलेल्या विद्यार्थ्याला हा उतारा कदाचित अडवणारही नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की ही अडचण एकट्याने सराव करून सुटत नाही. ती प्रत्यक्ष वाद्यवृंदासमोर बसल्यावरच उभी राहते, आणि तेव्हा वेळ नसतो.

ग्रीगच्या बाबतीत नेमकी उलट स्थिती आहे. त्याच्या बहुतेक कठीण जागा पियानो एकटा असताना, किंवा वाद्यवृंद स्वर धरून थांबलेला असताना येतात. सुरुवातीचा प्रपात आणि पहिल्या भागाच्या अखेरची दीर्घ कॅडेन्झा, म्हणजे पियानोने एकट्याने वाजवायचा उतारा, ही त्याची ठळक उदाहरणे. ती वाजवायला सोपी नाहीत, पण त्यांचा सराव घरी करता येतो आणि रात्री दहा वाजता रिकाम्या सरावखोलीत जे साधले ते मैफलीतही आपल्याबरोबर येते. पहिल्या भागात लय अनेकदा बदलते हे खरे आहे, मात्र प्रत्येक वळणावर कोणीतरी स्पष्टपणे वाट दाखवतो. दुसरी धून चेलो आधी वाजवतात आणि पियानो त्यांच्यामागून ती उचलतो. शेवटच्या भागात बासरी एफ मेजरमधली आपली धून गाते तेव्हा पियानोवादकाने मांडीवर हात ठेवून ऐकायचे असते. तीच गती आणि तोच श्वास घेऊन मग आपण आत शिरायचे. नृत्याची मूळ धून शेवटी दोन मात्रांतून तीन मात्रांत येते, पण तिचे वजन पहिल्या मात्रेवरच राहते आणि संचालकाचा हात व कान यांच्यात भांडण होत नाही.

ग्रीग पहिल्यांदा पूर्ण वाजवून झाला तेव्हा घड्याळात बारा मिनिटे शिल्लक होती. संचालकांनी विचारले, तुम्हाला कुठून हवे? शूमानच्या वेळी हा प्रश्न विचारण्याची वेळच आली नव्हती. मी संथ भागाचा आरंभ मागितला. तिथे पियानो बराच वेळ गप्प असतो. तारवाद्यांच्या वादकांनी घोडीवर आवाज दबवणारे म्यूट चढवले, त्याचा बारीक टकटकाट झाला आणि डी फ्लॅट मेजरमधली ती धून दबक्या आवाजात सुरू झाली. विद्यापीठातल्या आमच्या विद्यार्थी-वाद्यवृंदाकडून मी तोच भाग ऐकला होता. तिथे प्रत्येक व्हायोलिन वेगळे ऐकू येत असे, इथे ती एकाच वाद्यासारखी वाजत होती. व्यावसायिक वाद्यवृंद मिळालेलाच असेल, तर त्याचे कौशल्य ज्या रचनेत विद्यार्थ्याच्या पदरात पडते ती रचना घ्यावी, असे मला त्या क्षणी वाटले. ती पाने ऐकल्यानंतर पहिला स्वर वाजवताना माझ्या हातात जी शांतता होती, ती मी सरावातून कधीच आणू शकलो नव्हतो.

ग्रीगविरुद्धही काही मुद्दे आहेत. रचना अतिपरिचित आहे, आणि परीक्षक किंवा प्राध्यापक तिच्याकडे शाळकरी निवड म्हणून पाहतील ही धास्ती मलाही होती. प्रत्यक्षात मला तसे कोणी म्हटले नाही, तुमच्या विभागाची हवा वेगळी असू शकते. दुसरा मुद्दा अधिक खरा आहे. आज वाजते ती आवृत्ती १९०७ साली मृत्यूपूर्वी ग्रीगने केलेल्या शेवटच्या दुरुस्त्यांची आहे, तीत तीन ट्रोम्बोन आहेत, आणि अखेरच्या भव्य समारोपात ते पियानोला सहज झाकतात. त्याच समारोपात जी शार्पऐवजी जो साधा जी येतो, तो ऐकून १८७० साली रोममध्ये पियानोवादक-संगीतकार लिस्ट हरखून गेला होता. तो स्वर वाद्यवृंदाच्या पूर्ण ताकदीनिशी यायला हवा, त्यामुळे त्यांना हळू वाजवा असे सांगण्याचीही माझी इच्छा झाली नाही. उरलेल्या मिनिटांत संचालकांनी पितळी वाद्यांना स्वर जोरात उचलून लगेच सैल सोडायला सांगितले आणि तेवढ्याने पियानो वर आला. दहा मिनिटांत सुटणारी अडचण ती हीच.

दोन तालमी मिळणार असतील आणि त्यांच्यामध्ये निदान एक रात्र असेल, तर शूमानचा विचार जरूर करावा. क्लॅरिनेटबरोबरची ती काही मिनिटे आयुष्यभर पुरतात. एकच तालीम असेल, तर मी आज विभागाच्या पत्राला ग्रीग असेच उत्तर देईन. मात्र उत्तर पाठवण्यापूर्वी मैफलीच्या उत्तरार्धात कोणती सिम्फनी आहे आणि तीत ट्रोम्बोन आहेत का, ते विचारून घ्यावे. नसतील तर केवळ आपल्या अर्ध्या तासासाठी तीन जादा वादकांचे मानधन विभागाला द्यावे लागते, आणि ही गोष्ट कार्यक्रम छापून झाल्यावर लक्षात आली तर निवड पुन्हा शून्यापासून करावी लागते.