ध्वजपथक 15 वरून 40 वर: एकच तुकडी की दोन?
शाळेच्या ढोल पथकात ध्वज नाचवणारी मुलं वाढली, की आधी जागा मोजा. सहा फुटी काठी फिरवायला प्रत्येकाभोवती सात-आठ फूट मोकळे हवेत. एकच तुकडी मैदानावर देखणी दिसते. नाशिकच्या मेनरोडवर मात्र रांगा आक्रसतात, काठ्या अडकतात. त्यात आवाजाला 34 मीटर जायला दशांश सेकंद लागतो, म्हणून लांब रांगेची शेपटी ताशामागे पडते.

दोन तुकड्यांत नव्यांना आधी कापडाविना काठी देता येते. कापड वारा धरतं, कोवळं मनगट पिरगळतं. पण शिकवणारे दोन लागतात, आणि ‘कच्ची तुकडी’ म्हटलं की मुलं रुसतात. तरी आमचा कौल दोनलाच, चार नव्यांमागे एक जुना ठेवून. विजेच्या तारांखाली अ‍ॅल्युमिनियमचा पाइप मात्र कुणाच्याच हाती नको.