द्राक्ष बागायतदार संघाचं सभासदत्व घ्यावं का? माझा अनुभव

तासगाव तालुक्यात माझी अडीच एकर बाग आहे. निम्मी बेदाण्याला, निम्मी खायच्या मालाला. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाचा मी अकरा वर्षं सभासद आहे. शेजारच्या गावातली दोन-तीन पोरं यंदा नव्यानं बाग लावतायत. त्यांनी परवा विचारलं, "दादा, सभासद होऊन मिळतं काय?" बांधावर उभ्या उभ्या जे सांगितलं, ते नीट लिहून काढतोय.

आधी एक प्रसंग. तीन वर्षांपूर्वी फळछाटणीनंतर पाऊस लागला आणि फुलोऱ्याच्या तोंडावर पानांवर पिवळसर डाग दिसले. औषधाच्या दुकानात पान दाखवलं. दुकानदारानं हातात घेऊन बघितलंही नाही. "डाऊनी आलीय," म्हणाला, म्हणजे बुरशीचा केवडा रोग, आणि तीन महागड्या औषधांची चिठ्ठी फाडून दिली. पहिली फवारणी मी मारलीसुद्धा. त्याच आठवड्यात संघाचं चर्चासत्र होतं. चहाच्या वेळी एका शास्त्रज्ञांना गाठलं आणि खिशातलं पान पुढं केलं. त्यांनी ते उन्हाकडे धरलं, उलटं केलं, भिंगातून बघितलं आणि एवढंच म्हणाले, "खात्री करून घ्या. डागाची दहा-बारा पानं तोडा, पाण्यात बुडवून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड बांधून रात्रभर घरात ठेवा. डाऊनी जिवंत असेल तर सकाळी पानाच्या खालच्या अंगाला डागाखाली पांढरी बुरशी उठलेली दिसेल."

मी पिशवी न्हाणीघरात खुंटीला टांगली. सकाळी बायकोनं आणि मी खिडकीशी एकेक पान उलटून बघितलं. पांढरं काही नव्हतं, तपकिरी कडेचे कोरडे डाग तेवढे होते. आधीच्या एका फवारणीत दोन औषधं एकाच टाकीत मिसळून मारल्याचा तो चटका होता. पुढच्या दोन फवारण्या थांबवल्या. त्या हंगामापासून डाग दिसला की आधी पिशवी आणि मग पंप, हाच आमच्या घरचा नियम. सभासद होऊन मिळतं ते हे. आपल्याला काही विकायचं नाही असा जाणकार माणूस समोर येतो आणि त्याला पान दाखवता येतं.

संघ १९६०चा, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्याच वयाचा. मुख्य कार्यालय पुण्यात मार्केट यार्डाजवळ, आणि पुणे, नाशिक, सांगली, सोलापूर असे चार विभाग. पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ साली आलं. त्याआधीची सदतीस वर्षं बागायतदार एकमेकांच्या बागा बघून आणि अधिवेशनात भांडून-बोलूनच शिकत होते, ही गोष्ट नव्या पोरांना माहीत नसते. आज आपण ज्या जाती लावतो त्यातल्या कितीतरी बागायतदारांनीच निवडल्या आहेत. तास-ए-गणेश आपल्या सांगली जिल्ह्यातल्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन या जुन्या बिनबियांच्या जातीतून निवडली. सोनाका सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांची, माणिक चमन टी. आर. दबडे यांची. वेगळा घड आला म्हणून ती काडी या माणसांनी जपली आणि पुढं ती गावोगाव गेली. मला याचा फार अभिमान वाटतो. माझ्या बागेतली एकही वेल मी शोधलेली नाही. दुसऱ्या कुणीतरी हात आखडला नाही म्हणून ती माझ्याकडे आहे.

दुसरी मोठी कमाई २०१०च्या धड्याची. त्या हंगामात युरोपला गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॅट, म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो, त्याचे अंश सापडले आणि माल अडकला. माल निघाल्यावर होणाऱ्या खरड छाटणीनंतर शेंडा रोखायला ते सर्रास मारलं जायचं. एप्रिल-मेमध्ये मारलेलं पुढच्या वर्षीच्या मण्यात निघेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आमचा माल निर्यातीचा नव्हता, तरी त्या वर्षाची धास्ती वडिलांच्या बोलण्यात अजून असते. आता चर्चासत्रात कुठल्याही औषधाचं नाव निघालं की मागच्या रांगेतूनच प्रश्न येतो, "लेबल क्लेम आहे का? पीएचआय किती दिवसांचा?" म्हणजे ते औषध द्राक्षावर मारायला मंजूर आहे का, आणि शेवटच्या फवारणीपासून तोडणीपर्यंत किती दिवस सोडायचे. पूर्वी हे निर्यातदाराच्या माणसानं विचारायचं. आता दोन एकरवाला विचारतो.

'द्राक्षवृत्त' मासिक घरी येतं. त्याचे अंक मी टाकत नाही, कपाटात महिन्यांप्रमाणे लावून ठेवलेत. सप्टेंबरचे सगळे अंक एकत्र काढले की छाटणीआधी काय काय करायचं त्याची उजळणी होते. वार्षिक अधिवेशन मोठं असतं, गर्दीही फार असते. मला विभागाची चर्चासत्रंच जास्त उपयोगी पडतात, कारण तिथं आपल्याच मातीतली, आपल्याच पाण्यावरची माणसं भेटतात. शेजारी बसलेला सहज सांगून जातो की त्यानं कधी छाटलं, डिपिंगला, म्हणजे घड बुडवायच्या द्रावणात, जीए हे वाढीचं संजीवक किती पीपीएम धरलं, कुठं चुकला. चुकलेलं ऐकायला मिळणं सगळ्यात मोलाचं.

आता ज्यासाठी सभासद होऊ नये ते. दर संघ ठरवत नाही. व्यापारी गाठून देणं हे त्याचं काम नाही. माझे एका व्यापाऱ्यानं पैसे बुडवले आहेत, पेट्या भरून गेल्या आणि माणूस फोन उचलेना. तिथं सभासदत्वाची पावती कामाला येत नाही. रोख मोजून घेतल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही, हे आपलं आपणच पाळायचं. पावसानं घड कुजले तर भरपाईसाठीही विमा आणि पंचनाम्याच्याच मागं लागावं लागतं. संघ सरकारदरबारी मागणी मांडतो, पण तुमच्या सातबाऱ्यावर पैसे आणून देत नाही.

बाग पहिल्यांदाच लावत असाल तर माझ्या मते लागण करायच्या आधीच सभासद व्हा. जात, खुंट (ज्यावर कलम बांधतात ते मुळाचं रोप), अंतर या चुका नंतर दुरुस्त होत नाहीत. वेल पंधरा वर्षं तुमच्या उरावर राहते. चर्चासत्राला जाताना वही घ्या, आणि खिशात एक डागाळलेलं पान नक्की ठेवा. चहाच्या सुट्टीत रांगेत उभं राहायला लाजू नका. आपल्या सांगली विभागात पुढच्या चर्चासत्राला मी असेन, पोरांना गाडीत घालून आणणार आहे.