दुपारी साडेतीनचा 'क्वाएट टाइम' आणि माझे ४,०६५ डॉलर

आकडा आधीच सांगून टाकतो: मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, दुरुस्त करायला आलेल्या एकाने मला ४,०६५ डॉलरला फसवलं. तेव्हाच्या भावाने साधारण ३ लाख ३७ हजार रुपये. त्यात ४० डॉलर टिप आहे, आणि ती मी आपणहून, हसत हसत दिली. बायकोने त्या माणसाला कांदेपोहेही खायला घातले होते. त्याचा हिशेब धरलेला नाही.

मार्च २०२४, मुलांची स्प्रिंग ब्रेकची सुट्टी. सासू-सासरे सांगलीहून आलेले, म्हणून डॅलसहून ग्रँड कॅन्यनला मोटरहोमने जायचं ठरलं. गाडी २०१४ची, सेकंडहँड, आदल्या ऑक्टोबरमध्ये ५२,००० डॉलरला घेतलेली. आतल्या दिवे-पंख्यांसाठी सहा व्होल्टच्या चार बॅटऱ्या, इन्व्हर्टर-चार्जर, ५,५०० वॉटचा जनरेटर, आणि व्होल्टेज ११.८ला आलं की जनरेटर आपोआप चालू करणारं ऑटो-स्टार्ट. आधीच्या मालकाने सगळ्या पावत्या फाइलला लावून दिल्या होत्या. बॅटऱ्या २०२२च्या होत्या. ही फाइल मी उघडली कधी, तर सगळं होऊन गेल्यावर.

न्यू मेक्सिकोत आय-४०च्या जवळ एका मोकळ्या जागेवर दोन रात्री मुक्काम होता. हुकअप, म्हणजे गाडीला बाहेरून वीज-पाणी जोडायची सोय, नाही. दुसऱ्या दिवशी गाडी हललीच नाही, त्यामुळे अल्टरनेटरचं चार्जिंगही नाही. रात्री आठला व्होल्टेज ११.८ आणि जनरेटर ढिम्म. बटण दाबून चालू केला तर लगेच सुरू झाला, पण दोन तास चालवूनही बॅटरी जेमतेम १२.३. दहाला शेजाऱ्यांसाठी बंद केला आणि ऑटो-स्टार्टही बंद केलं, उगाच मध्यरात्री गुरगुरायला नको. पहाटे चारला फर्नेसचा, म्हणजे गॅसवरच्या हीटरचा, पंखा थांबला. टाकीत प्रोपेन भरपूर होता, पण पंखा चालतो बारा व्होल्टवर. बाहेर पाणी गोठलेलं, सासूबाई दोन गोधड्यांखाली कुडकुडत होत्या. अशा वेळी माणूस शांत डोक्याने मॅन्युअल वाचत बसत नाही, एवढंच माझ्या बाजूने म्हणेन.

सकाळी फोनवर शोधून एका मोबाइल आरव्ही टेक्निशियनला, म्हणजे जागेवर येऊन मोटरहोम दुरुस्त करणाऱ्याला, गाठलं. पाच स्टार, आवाज मधाळ. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "बॅटऱ्या किती जुन्या आहेत?" गाडी घेताना मालक बोलला होता ते आठवून मी अभिमानाने सांगितलं, "दोनच वर्षं."

तो आला दुपारी साडेतीनला. व्हॅनवर सर्टिफिकेटांचे स्टिकर, कमरेला मीटर. इन्व्हर्टरच्या रिमोटवरची, म्हणजे त्याच्या कंट्रोल पॅनलवरची, बटणं त्याने दाबली आणि स्क्रीनवर अक्षरं आली: 'क्वाएट टाइम'. मी त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो. मी ते वाचलं. मला वाटलं, जनरेटर शांत आहे असं मशीन सांगतंय!

चौदा वर्षं मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. लोकांना दिवसभर 'एरर मेसेज नीट वाचा' असं सांगायचा पगार घेतो. खिडकीतून वाळवंटातलं ऊन डोळ्यांत घुसत होतं आणि मशीन स्पष्ट म्हणत होतं की आत्ता रात्र आहे, शेजारी झोपलेत, मी जनरेटर चालू करणार नाही. क्वाएट टाइम रात्री नऊ ते सकाळी आठ असा लावलेला होता. हिवाळाभर गाडी स्टोरेजमध्ये, बॅटरीचा डिस्कनेक्ट स्विच बंद. निघण्याआधी संध्याकाळी सहाला तो मी चालू केला, तेव्हा रिमोटचं घड्याळ रात्रीच्या बारापासून सुरू झालं. म्हणजे डॅलसच्या वेळेच्या सहा तास पुढे. डॅलसमध्ये दुपारचे तीन वाजले की त्याच्या मते रात्रीचे नऊ. दोष काय तो एवढाच.

आणि चार्जिंग? तेही माझंच कर्म. निघण्याआधी फ्रीज थंड करायला गाडी घराच्या पंधरा अँपच्या साध्या प्लगला लावली होती. ब्रेकर सारखा उडायला लागला म्हणून रिमोटवर 'शोअर' सेटिंग, म्हणजे बाहेरून जास्तीत जास्त किती वीज घ्यायची तो आकडा, मी ५ अँपवर आणलं आणि विसरलो. जनरेटरची वीजही त्याच दारातून आत येते. १२० व्होल्टला ५ अँप म्हणजे ६०० वॉट, त्यातले अर्ध्याहून जास्त फ्रीजनेच खाल्ले. चार्जरला उरला तो नैवेद्य.

त्या माणसाला हे दोन मिनिटांत कळलं असणार. पण त्याने बायकोला गोड आवाजात विचारलं, "जरा मायक्रोवेव्ह लावता का?" आणि तो घूं घूं करत असतानाच बॅटरीला मीटर लावलं. १०.९. "डेड," म्हणाला.

सासरे एमएसईबीत ३४ वर्षं काढून निवृत्त झालेले. ते मागून म्हणाले, "जावईबापू, एवढा लोड चालू ठेवून व्होल्टेज बघतोय होय हा? बंद करून जरा वेळ थांबायला सांगा की त्याला." मी त्यांना काय म्हणालो? "अप्पा, इकडच्या सिस्टिम वेगळ्या असतात." ते काहीच बोलले नाहीत, बाहेर जाऊन खुर्चीत बसले. ४,०६५ गेले त्याहून हे वाक्य जास्त डाचतं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, अशा धंद्यांची चाल सगळीकडे सारखी. व्हॅनमध्ये 'योगायोगाने' अगदी लागणारा माल होता. बिल असं: येण्याचे १७५, तपासणीचे १५०, चार बॅटऱ्या प्रत्येकी ३८५ प्रमाणे १,५४०, ऑटो-स्टार्टचं मॉड्यूल ४१०, चार्जिंग बोर्ड ८६५, पाच तासांची मजुरी ८२५ (आला साडेतीनला, गेला साडेसहाला), आणि जुन्या बॅटऱ्यांची 'पर्यावरणपूर्वक विल्हेवाट' ६०. माझ्या बॅटऱ्या घेऊन जायचे त्याने माझ्याकडूनच साठ डॉलर घेतले. शेवटी 'प्रोग्रॅमिंग' म्हणून रिमोटवर चार बटणं दाबली, मायक्रोवेव्ह लावला, आणि जनरेटर घरघरत आपोआप सुरू झाला. स्क्रीनवर चार्जिंग ९० अँप. मुलांनी टाळ्या वाजवल्या. कार्डाचं मशीन 'नेमकं आजच बंद', म्हणून पैसे फोनवरून थेट खात्यात.

ग्रँड कॅन्यनच्या माथर कॅम्पग्राउंडला हुकअप नाहीत. तिथे पहिल्याच रात्री 'नव्या' बॅटऱ्यांनी चार तासांत मान टाकली. परतताना फ्लॅगस्टाफला एका वर्कशॉपमध्ये ९५ डॉलर देऊन गाडी दाखवली. तिथल्या बाईंनी आधी टर्मिनलवर बोट फिरवलं. बॅटरीच्या शिशावर महिना आणि वर्षाचा शिक्का असतो. तीन बॅटऱ्यांवरचा कानशीने घासून टाकलेला, चौथ्यावर 'डी ९' शिल्लक. डी म्हणजे चौथा महिना, एप्रिल २०१९. वर लेबलं मात्र कोरी करकरीत. रात्रभर चार्जिंग करून हायड्रोमीटरने बघितलं, तर दोन खणांत ॲसिडची घनता १.१४०. भरलेल्या बॅटरीत ती १.२७ च्या वर हवी. ऑटो-स्टार्टच्या मॉड्यूलवर दहा वर्षांची धूळ, सिरियल नंबर फाइलमधलाच. चार्जिंग बोर्ड ज्याच्या आत असतो त्या इन्व्हर्टरचे स्क्रू कोणी हलवलेलेसुद्धा नाहीत. म्हणजे माझा धडधाकट माल तो घेऊन गेला आणि भंगार मला विकलं.

आता तक्रारीची कथा. शेरीफच्या ऑफिसने फोनवर विचारलं, पैसे तुम्हीच पाठवलेत ना? मग सिव्हिल मॅटर, पोलिसांचं काम नाही. म्हटलं, अहो, त्याने माझ्या बॅटऱ्या नेल्या. तर म्हणे, बिलावर विल्हेवाटीसाठी सही तुमचीच आहे. ग्राहक तक्रारीच्या सरकारी पोर्टलवर नऊ पानी फॉर्म भरला, फोटो जोडले. सहा आठवड्यांनी उत्तर: त्याच्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र परत आलं, सबब प्रकरण बंद. पत्ता खोटा निघाला म्हणून तक्रार बंद! बँक म्हणाली, पेमेंट 'ऑथराइज्ड' आहे. तीन वेगवेगळ्या लोकांनी तेच वाक्य त्याच सुरात ऐकवलं, दर वेळी चाळीस मिनिटं संगीत ऐकवून. क्रेडिट कार्ड असतं तर निदान भांडता आलं असतं. मशीन बंद असेल तर गडी परत पाठवा. गाडीची २,९५० डॉलरची एक्स्टेंडेड वॉरंटी होती. ते म्हणाले, दुरुस्तीच्या आधी आमची परवानगी घ्यायला हवी होती. छोट्या दाव्यांच्या कोर्टात जायचं तर परत न्यू मेक्सिकोला जा, आणि तो राहतो कुठे हे शोधायचं काम माझं. वर एका क्लार्कने सल्ला दिला, "पुढच्या वेळी सर्टिफाइड माणूस बघा." स्टिकर होते हो त्याच्या व्हॅनवर, सहा!

मंडळाच्या पाडव्याला हे सांगितलं तर आधी सगळे हसले. मग चहाच्या रांगेत दोघांनी बाजूला घेऊन हळूच आपापले आकडे सांगितले. मोठ्याने कोणी बोलत नाही, म्हणून मी लिहितोय.

जुना भाग काढला की तो तुमच्या हातात द्यायला सांगा, न्यायचा असेल तर फोटो काढल्यावर. व्होल्टेज मोजताना सगळं बंद हवं. डिस्कनेक्ट स्विच चालू केलात की आधी घड्याळ लावा, मग शोअरचा आकडा बघा. जनरेटर अजिबातच सुरू होत नसेल तर पेट्रोलचा काटा बघा, टाकी पावच्या खाली गेली की बऱ्याच गाड्यांत त्याला पेट्रोल मिळतच नाही, मुद्दाम तशी सोय असते. हायड्रोमीटर मला १२ डॉलरला मिळाला. आणि घरात वीज बोर्डातला माणूस असेल तर त्याला बाहेर खुर्चीत बसवू नका.

गेल्या आठवड्यात बायकोच्या फोनवरून तिलाच त्याचा नंबर लावायला सांगितला. दोन रिंगमध्ये उचलला. तोच मधाळ आवाज, येण्याचे १७५, उद्या दुपारी मोकळा आहे. तिने गाडीचं खोटंच काहीतरी सांगितलं.

"ओके मॅम," तो म्हणाला, "बॅटऱ्या किती जुन्या आहेत?"