पौर्णिमेची गाणी आणि एकशे आठ ऋतू : २०२३ चे अल्बम, सव्वा वर्ष ऐकल्यानंतर

२०२३ संपताना डायरीच्या शेवटच्या पानावर वर्षातल्या अल्बमांची यादी केली होती. पहिला रोलिंग स्टोन्सचा 'हॅकनी डायमंड्स', दुसरा मेटॅलिका या हेवी मेटल बँडचा 'सेव्हन्टी टू सीझन्स', तिसरा इंग्लिश गायक पीटर गॅब्रिएलचा 'आय/ओ'. खाली लाल शाईत 'अपेक्षाभंग' असं लिहून एकच नाव : शक्ती या भारतीय-पाश्चात्त्य फ्यूजन बँडचा 'धिस मोमेंट'. आता फेब्रुवारी २०२५ उजाडलाय. परवा ती डायरी हाताला लागली आणि स्वतःचीच लाज वाटली. जवळजवळ सगळंच उलटं झालंय.

माझी ऐकण्याची पद्धत आधी सांगतो, म्हणजे कोणाला किती गांभीर्याने घ्यायचं ते ठरवता येईल. घर कर्वेनगरला, ऑफिस हिंजवडीत. जाताना गाडीत एक अल्बम, येताना एक. नवा अल्बम आला की आठवडाभर तोच, मग महिनाभर बंद. महिन्यानंतर हात आपणहून त्याच्याकडे जातो का, एवढंच बघायचं. गेला की डायरीत एक रेघ मारायची.

मेटॅलिकापासून सुरुवात करतो, कारण तिथे माझा पक्षपात सगळ्यात जास्त. ३० ऑक्टोबर २०११ ला त्यांचा बंगळूरचा कार्यक्रम बघायला पुण्याहून रात्रीच्या बसने गेलो होतो. परत आल्यावर दोन दिवस एका कानात फक्त शिट्टी वाजत होती. त्यामुळे एप्रिल २०२३ मध्ये नवा अल्बम आला तेव्हा तो आवडणार हे ऐकण्याआधीच ठरलेलं होतं. नावामागची कल्पना चांगली आहे. माणसाची पहिली १८ वर्षं, वर्षाचे चार ऋतू, म्हणून ७२. आपल्या सहा ऋतूंच्या हिशेबाने १०८ झाले असते, आणि खरं सांगायचं तर अल्बम ऐकताना जपमाळ ओढल्यासारखंच वाटतं. १२ गाणी, ७७ मिनिटं. भूमकर चौकात पाणी साचलं तरच एका फेरीत पुरा होतो.

वाईट गाणं म्हणावं असं त्यात एकही नाही, आणि अडचण तीच आहे. प्रत्येक गाण्यात एक झकास रिफ (गिटारची फिरून फिरून येणारी छोटी धून) येतो, तो वाजवणाऱ्यांनाही आवडतो, मग ते त्याला सोडतच नाहीत. पाच मिनिटांत जेवण झालेल्या पाहुण्याने तासभर पानावरच बसून राहावं तसं. 'लक्स इटर्ना' साडेतीन मिनिटांच्या आत संपतं, म्हणून ते आजही वाजतं. गंमत म्हणजे दुसरं टिकलेलं गाणं अल्बममधलं सगळ्यात लांब आहे. शेवटचं 'इनामोराटा' ११ मिनिटं चालतं, त्यांचं आजवरचं सर्वांत लांब गाणं. पण मध्यावर ते चक्क शांत होतं, बास एकटा फिरत राहतो, आणि गेल्या तासाभरात पहिल्यांदा श्वास घ्यायला जागा मिळते. मधली चार गाणी वगळून मी एक आवृत्ती करून ठेवलीय. कोणती चार ते सांगत नाही, भांडणं होतील.

'आय/ओ'ची गोष्टच वेगळी. हा अल्बम आम्ही घरात अक्षरशः पंचांग बघून ऐकला. गॅब्रिएलने २०२३ मध्ये दर पौर्णिमेला एक गाणं बाहेर काढलं, आणि त्याच गाण्याचं दुसरं मिक्स (त्याच ध्वनिमुद्रणातल्या आवाजांची वेगळी जुळणी) अमावास्येच्या सुमारास. पहिलं 'पॅनॉप्टिकम' ६ जानेवारीला, पौष पौर्णिमेला. 'प्लेइंग फॉर टाइम' धुळवडीच्या दिवशी आलं, केस रंगलेलेच होते तेव्हा. 'सो मच' गुरुपौर्णिमेला. त्या वर्षी अधिक श्रावण होता, तर एक गाणं अधिकाच्या पौर्णिमेलाही येऊन गेलं. आईला त्याचं संगीत कळावं अशी अपेक्षा नव्हती, पण वेळापत्रक तिला तंतोतंत कळलं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून तीच आठवण करायची, "आज पौर्णिमा, तुझ्या त्या गोऱ्या आजोबांचं गाणं आलं का रे?" आजोबा तेव्हा ७३ वर्षांचे होते आणि स्वतःच्या नव्या गाण्यांचा पूर्ण अल्बम २१ वर्षांनी देत होते. त्याआधीचा 'अप' २००२ चा.

२८ ऑक्टोबरची कोजागरी विशेष लक्षात आहे. त्या रात्री एकनंतर खंडग्रास चंद्रग्रहण होतं, आणि दूध आटवायचं की नाही यावर सकाळपासून घरात आणि फोनवरून आत्याशी खल चालू होता. शेवटी वेध लागायच्या आत म्हणून आईने आम्हाला दुपारी पावणेतीनला मसाला दूध पाजलं. बाहेर ऑक्टोबरचं ऊन, हातात केशर-चारोळीचा गरम पेला. संध्याकाळी 'अँड स्टिल' ऐकत बसलो होतो. ते गॅब्रिएलने स्वतःच्या आईच्या आठवणीत केलंय. माझ्या आईने विचारलं, काय आहे, तर तिच्या कानात एक इयरफोन दिला आणि सांगितलं, याची आई गेली, तिच्यावर आहे. मी गाणं पुढे ढकलायला लागलो तर म्हणाली, "थांब, पूर्ण होऊ दे." सात-साडेसात मिनिटं कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

१ डिसेंबरला पूर्ण अल्बम आला तेव्हा मात्र पंचाईत झाली. बाराही गाणी पाठ. नवा अल्बम उघडण्यातली धडधड हप्त्याहप्त्याने खर्च होऊन गेलेली. त्यात दोन मिक्स : स्पाइक स्टेंटचं 'ब्राइट-साइड' आणि चॅड ब्लेकचं 'डार्क-साइड'. तीच बारा गाणी, तोच क्रम, दोनदा. पहिले काही आठवडे ऐकण्यापेक्षा तुलनाच जास्त केली, आणि तो प्रकार कंटाळवाणा आहे. तिसऱ्या नंबरवर तो घसरला तो यामुळे. मार्चच्या सुमारास 'ब्राइट' आपोआप सुटलं. 'डार्क-साइड'मध्ये टोनी लेव्हिनचा बास आणि मानू कात्शेचे ड्रम्स पोटाशी येऊन बसतात, आवाजातली चरचर पुसलेली नाही. 'द कोर्ट' दोन्हीकडे लागोपाठ लावून बघा, एकदाच. मग 'ब्राइट' विसरून जा. 'रोड टु जॉय' मला अजूनही उगाच नाचणाऱ्या वऱ्हाड्यासारखं वाटतं, आणि शेवटच्या गाण्यात थोडं प्रवचन आहे. पण 'प्लेइंग फॉर टाइम'समोर डायरीत ४१ रेघा आहेत.

('डार्क-साइड'ची एलपीही मागवली. दोनपैकी एका तबकडीला बाक निघाला, पिन होडीसारखी वरखाली. विकणाऱ्याने आधी माझ्या टर्नटेबललाच दोष दिला, मग व्हिडिओ मागितला, मग दुसऱ्या कोनातून व्हिडिओ मागितला. बदलून मिळायला सात आठवडे लागले. एलपी आल्या दिवशीच वाजवून बघा, शोकेसमध्ये ठेवू नका.)

आता लाल शाईवाला 'धिस मोमेंट'. माझ्या डोक्यातली शक्ती म्हणजे १९७५-७६ ची : मॅकलॉफ्लिनची अकूस्टिक गिटार, एल. शंकरचं व्हायोलिन, विक्कू विनायकराम यांचा घटम, झाकीर हुसेन यांचा तबला, आणि कोणी कोणाला श्वास घेऊ देत नाही असा वेग. १९७७ च्या 'नॅचरल एलिमेंट्स'नंतर स्टुडिओतला अल्बम थेट २०२३ मध्ये आला. जूनमध्ये तो गाडीत लावला आणि गिटार सिंथचा (गिटारवरून वाजवायच्या सिंथेसायझरचा) तो मऊ, धुरकट आवाज ऐकून वाटलं, हे काय, हॉटेलच्या लॉबीत लावतात ते? शिवाय कोविडच्या साथीच्या काळात प्रत्येकाने आपापल्या गावी बसून ध्वनिमुद्रण केलेलं. समोरासमोर बसल्याशिवाय सवाल-जवाब कसले, असं म्हणून बंद केला.

चूक गाडीची होती, थोडी माझीही. एसी, इंजिन आणि हॉर्नच्या गदारोळात सेल्वागणेशच्या कंजिऱ्याचा (डफासारखं छोटं दाक्षिणात्य तालवाद्य) खालचा घुमारा पूर्ण मरतो. पुढच्या जानेवारीत तापाने घरी पडून होतो तेव्हा हेडफोनवर 'मोहनम' लागलं. आपला भूपच तो. आधी स्वर ओळखीचे म्हणून कान टवकारले, मग तबल्याच्या डग्ग्याखाली आणखी काहीतरी वाकतंय, चढतंय हे ऐकू आलं. तो कंजिरा. विनायकरामांच्या जागी आता त्यांचा मुलगा सेल्वागणेश आहे, हे माहीत होतं, ऐकलं मात्र त्या दिवशी. तिथून अल्बम उलगडत गेला. 'श्रिनीज् ड्रीम' मँडोलिनवाल्या यू. श्रीनिवास यांच्या आठवणीत आहे. 'गिरिराज सुधा' ही त्यागराजांची गणेशस्तुती. शंकर महादेवन ती म्हणतो तेव्हा चेंबूरचा, श्रीनिवास खळ्यांकडे शिकलेला मुलगा कर्नाटकी वळणात किती सहज शिरतो ते कळतं. गिटार सिंथ मला आजही खटकतो, तो बदलणार नाही. पण २०२४ मध्ये सर्वांत जास्त रेघा याच अल्बमसमोर पडल्या, ग्रॅमी मिळायच्या आधीपासून, हे जरा टेचात सांगतो.

१५ डिसेंबर २०२४ ला झाकीरभाई गेले. त्या आठवड्यात तो अल्बम लावला, 'करुणा'पर्यंतही पोचलो नाही. माझं मत त्याआधी ठरलं होतं ते बरं झालं. आता त्याबद्दल काही ठरवण्याच्या स्थितीत मी नाही.

झाकीरभाईंचाच २०२३ चा दुसरा अल्बम, 'ॲज वी स्पीक' : बेला फ्लेकचा बँजो, एडगर मेयरचा डबल बास, राकेश चौरसियांची बासरी. रविवारी सकाळी पोहे होत असताना लावायचा. बँजो आणि तबला एकमेकांना चिमटे काढतात तेव्हा हसू येतं. ब्लर या ब्रिटिश बँडचा 'द बॅलड ऑफ डॅरन' ३६ मिनिटांचा. चांदणी चौक ते वाकड, विषय संपला. मेटॅलिकाने हा हिशेब शिकावा.

राहिला पहिला नंबर. 'हॅकनी डायमंड्स' ऑक्टोबर २०२३ मध्ये आला तेव्हा स्टोन्सचा गायक, ऐंशीचा मिक जॅगर असा गातो याच्याच आनंदात मी दोन महिने काढले. पाहुणेही तगडे : पॉल मॅकार्टनी, एल्टन जॉन, स्टीव्ही वंडर, लेडी गागा. जानेवारीनंतर डायरीत रेघा थांबल्या. प्रत्येक गाणं नुकतंच पॉलिश केल्यासारखं चकाकतं, सगळं एकाच उंचीवर. त्यांचा ड्रमर चार्ली वॉट्स २०२१ मध्ये गेला, त्याचे ड्रम्स फक्त दोन गाण्यांत आहेत, आणि तिथे ताल किंचित मागे रेलतो, तेवढ्याने गाणं माणसाचं वाटायला लागतं. 'स्वीट साउंड्स ऑफ हेवन' अजून चालतं. आणि शेवटचं 'रोलिंग स्टोन ब्लूज', मडी वॉटर्सचं, ज्याच्यावरून बँडने नाव घेतलं ते : फक्त मिक आणि गिटारवाला कीथ रिचर्ड्स, एक गिटार, एक माउथ ऑर्गन. ते फोनवर ठेवलंय. सीडी गेल्या गणपतीत भाचा घेऊन गेला. अजून परत मागितलेली नाही.