घरी येऊन रक्त नेणारी तालुक्याची पॅथॉलॉजी: सीबीसी चोख, शुगर मात्र काउंटरवरच द्या

पाचपैकी तीन तारे. लॅबचा पोरगा सकाळी सातला मोटारसायकलवर निघतो, चार-पाच गावं करतो, अकराच्या सुमारास नमुने लॅबला पोचतात आणि संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो. शीर शोधण्यात हात बसलेला आहे, सुईचं पाकीट समोरच फोडतो, पट्टा मिनिटभराच्या वर बांधून ठेवत नाही.

सीबीसीला, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीला, नाव ठेवायला जागा नाही. जांभळ्या टोपीच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूबमधलं रक्त चार तास उशिरा मशीनवर गेलं तरी हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी (४,००० ते ११,०००) आणि प्लेटलेट (दीड ते साडेचार लाख) फारसे हलत नाहीत. काही जणांच्या प्लेटलेट ईडीटीएत एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या कमी मोजतं. अंगात काही नसताना साठ हजारांचा आकडा येतो आन् घरभर डेंग्यूची धास्ती. ही लॅब कमी आकडा आला की काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तसा शेरा लिहिते. एवढं पुष्कळ लॅब करत नाहीत.

गोची आहे ती शुगरची. साध्या लाल टोपीच्या ट्यूबमध्ये रक्तपेशी साखर खातच राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के, आणि मे महिन्यात डिकीत ठेवलेल्या डब्यात त्याहून जास्त. उपाशीपोटी १३० असलेली शुगर तीन तासांनी ११०च्या आसपास दिसते. १२६ आणि त्यापुढे मधुमेह, १०० ते १२५ काठावर, म्हणजे रोगी माणूस कागदावर काठावरचा ठरतो. यासाठी राखाडी टोपीची फ्लोराईड ट्यूब असते. पोराच्या पिशवीत ती आहे, पण मागितल्याशिवाय निघत नाही. तीही पहिला तास-दीड तास साखर घटणं पुरतं थांबवत नाही.

पोटॅशियमचं (३.५ ते ५.१) उलटं. रक्त तासन्‌तास सीरम (गोठलेल्या रक्तावरचं पिवळसर पाणी) वेगळं न करता पडून राहिलं, हादऱ्यांनी पेशी फुटल्या, की आकडा खोटा वाढतो. जांभळ्या ट्यूबमधलं उरलेलं रक्त लाल ट्यूबमध्ये ओतलं तरी तेच होतं, कारण ईडीटीए पोटॅशियमचं मीठ असतं. सोबत कॅल्शियम खोटं कमी येतं. पोटॅशियम ६ आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) ०.९, म्हणजे ठीक, असा रिपोर्ट हाती आला तर घाबरण्याआधी नमुना पुन्हा द्या.

‘नॉर्मल रेंज’चा रकाना तर मशीनमधून आला तसाच छापतात. हिमोग्लोबिनसमोर सगळ्यांना १३ ते १७. बाईला १२ पुरतं, गरोदर बाईला ११. दहा वर्षांच्या पोराचा अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडं आणि यकृतातून येणारं एन्झाइम) ठळक अक्षरात ‘जास्त’ म्हणून येतो. वाढत्या हाडांमुळे तो मोठ्यांपेक्षा जास्त असणारच. शिवाय रेंज म्हणजे निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे. वीस वेगवेगळ्या तपासण्यांच्या पॅकेजमध्ये धडधाकट माणसाचाही एखादा आकडा बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के. ‘फुल बॉडी’ घेणाऱ्यानं हे आधीच डोक्यात ठेवावं.

आपल्या भागात सगळ्यात महागात पडेल ती चूक एचबीए१सीची, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरच्या तपासणीची. ५.७ च्या आत नॉर्मल, ६.५ पासून मधुमेह, हे छापलेलं बरोबर आहे. पण सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराच्या ‘एसएस’ (दोन्ही पालकांकडून दोष आलेल्या) रुग्णाच्या लाल पेशी लवकर मरतात, त्यांच्यावर साखर चढायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. ‘एएस’ (एकाच पालकाकडून दोष आलेल्या) वाहकातही काही मशीनवर तो चुकतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे गिऱ्हाईक असलेल्या लॅबनं फॉर्मवर सिकलचा रकाना ठेवायलाच हवा. इथे नाही. घरात कुणाला सिकल असेल तर एचबीए१सीवर विसंबू नका, उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर करा.

ती शुगर द्यायला पहिल्या एसटीनं तालुक्याला जा. आठ तास पोट रिकामं, पाणी चालतं, चहा आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा नाही. सीबीसी, क्रिएटिनिन, थायरॉइडची टीएसएच घरी खुशाल द्या.